कोल्हापूरचे तीन दिवस आणि चांदीची वाटी

पुण्याहून कोल्हापूरला जाणारी गाडी मिरज सोडून जयसिंगपूरच्या वाटेला लागली की डब्यात भडंगाचा वास शिरतो. तळलेल्या लसणाचा, तिखटाचा आणि शेंगदाण्यांचा तो वास आमच्या बालपणी ‘आता घर आले’ असे सांगत असे. या वेळी तो आला तेव्हा माझी थोरली बहीण खिडकीशी बसली होती. भडंगवाला आमच्या बाकापाशी थांबला, तशी ताईने मान बाहेर उसाच्या फडांकडे वळवली. समोर बसलेले दाजी मात्र भडंगवाल्याकडे न पाहता ताईकडेच पाहत राहिले. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक पाहतो, तसे. मला ते तेव्हा दिसले. त्याचा अर्थ लागायला दोन दिवस जावे लागले.

ताई ६१ वर्षांची आहे. २६ महिन्यांपूर्वी तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी तिचे वजन ११२ किलो होते, मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्शुलिन चालू होते आणि रात्री झोपेत श्वास अडकत असल्यामुळे ती उशांच्या ढिगावर टेकून बसल्यासारखी झोपत असे. शस्त्रक्रियेनंतर सव्वा वर्षात वजन ७४ किलोवर आले. इन्शुलिन बंद झाले, एक उशी पुरू लागली. मी स्वतः गेली २८ वर्षे पुण्यात कुटुंबवैद्य म्हणून व्यवसाय करतो. त्यांतील वीस वर्षे तरी मी ताईला ‘तोंडावर ताबा ठेव आणि रोज चाल’ याखेरीज काही सांगितलेले नाही, हे येथेच कबूल करतो. तो सल्ला चुकीचा नव्हता. पण तो वीस वर्षे लागू पडत नाही हे दिसूनही तोच देत राहणे, याला वैद्यकी म्हणता येणार नाही.

निमित्त होते काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. आई आम्ही लहान असतानाच गेली. आम्हां दोघांना काकीनेच वाढवले. तरीही शस्त्रक्रियेनंतर ताई एकदाही कोल्हापूरला आली नव्हती. दर वेळी काही ना काही कारण निघे. खरे कारण सर्वांना ठाऊक होते. कोल्हापूरला जायचे म्हणजे जेवायचे, आणि काकीच्या घरी ‘नको’ हा शब्द चालत नाही.

घर मंगळवार पेठेत आहे. ताई उंबऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच तिची भाषा बदलली. कोल्हापूरच्या बायका ‘मी आले, मी जाते’ असे म्हणत नाहीत. ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. चाळीस वर्षे पुण्यात राहिलेली ताई दारातूनच ओरडली, “काकी, मी आलो गं!” काकी ७७ वर्षांची. ती बाहेर आली, तिने ताईला आपादमस्तक पाहिले आणि डोळ्यांना पदर लावला. “पार वाळलीस की गं,” एवढेच ती म्हणाली. ३० किलोंहून अधिक वजन उतरल्याचे जिथे पुण्यात अभिनंदन होत होते, तिथे येथे सांत्वन चालू झाले. शेजारच्या आजी चौकशीला आल्या. त्यांनी ‘बायपास’ हा शब्द ऐकला होता, त्यामुळे त्यांचा समज असा की ताईच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आहे. “छातीत आता दुखत न्हाई न्हवं?” असे त्या तीनदा विचारून गेल्या.

हा गैरसमज सर्वत्र आढळतो, म्हणून थोडे स्पष्ट करतो. ताईचा बायपास हृदयाचा नव्हे, जठराचा. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाची अंड्याएवढी छोटी पिशवी वेगळी करतात; सुरुवातीला तीत जेमतेम ३० मिलिलिटर अन्न मावते. ती पिशवी लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. त्यामुळे खाणे कमी होते, पोट लवकर भरते, आतड्यातील काही संप्रेरके वाढून भूक मंदावते आणि मधुमेहही पुष्कळदा आटोक्यात येतो. त्याची किंमत अशी की लोह, कॅल्शियम, बी-१२ यांसारखी द्रव्ये अन्नातून पूर्वीसारखी शोषली जात नाहीत, म्हणून त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जन्मभर हा शब्द शस्त्रक्रियेपूर्वी सर्वजण ऐकतात आणि वर्षभरात बहुतेकजण विसरतात.

पहिल्या रात्री काकीने पिठले, भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, भात आणि ताईच्या आवडीची खीर असा बेत केला होता. ताईने आधी पिठले घेतले, मग दोन चमचे आमटी, मग पाव भाकरी. ती हळूहळू चावत होती. जेवताना तिने पाणी घेतले नाही. हे सारे तिला आहारतज्ज्ञांनी शिकवलेले होते आणि ते अगदी योग्य होते: प्रथिने आधी, प्रत्येक घास चांगला चावून, जेवण २०-२५ मिनिटे चालावे इतके सावकाश, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. परंतु काकीला दिसले ते एवढेच की पोरीने ताटात अन्न टाकले. तिने खिरीची वाटी पुढे सरकवली. ताई नको म्हणाली. तेवढ्यात दाजी मोठ्याने म्हणाले, “काकी, देऊ नका. तिला चालत नाही. मागच्या महिन्यात पाच किलो वाढलंय.”

ताईचा चेहरा उतरला. पाच किलो एका महिन्यात वाढले नव्हते. सहा-सात महिन्यांत वाढले होते. पण ती दुरुस्ती करण्याची ती वेळ नव्हती. काकी वाटी उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली, “माझ्या हातची चवच गेली म्हणायचं आता.” त्या रात्री तिघेजण दुखावले गेले आणि तिघांचेही ताईवर प्रेम आहे.

दुसऱ्या दिवशी सोहळा झाला. ८१ दिव्यांनी काकांचे औक्षण झाले. काका आयुष्यभर तालमीत घुमलेले. तरुणपणी खासबागेच्या मैदानात त्यांनी कुस्त्या मारल्या. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले हे मैदान १९१२ साली खुले झाले, आणि काकांच्या दृष्टीने त्याच्या बाहेरचे जग दुय्यमच. पहाटे गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध ग्लासभर प्यायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम होता. (वैद्य म्हणून मी दूध तापवूनच प्यावे असे सांगतो, काका ते ऐकून हसतात.) ज्या गावात पैलवानाच्या खुराकाला प्रतिष्ठा आहे, तिथे कमी खाणे हा गुण ठरत नाही. पंगतीत आग्रह करणाऱ्याला नकार देणे म्हणजे त्याचा हात झिडकारणे. पुरणपोळ्या आल्या, तुपाची धार आली, वाढपी बदलत गेले आणि प्रत्येकाने ताईच्या पानापाशी थांबून तेच विचारले. मी मोजले नाही, पण वीसेक वेळा तरी तिने पानावर हात आडवा धरला असेल. आम्ही बाकीचे एकदाच जेवलो. तिला मात्र तेच जेवण वीसदा नाकारावे लागले.

संध्याकाळी ताई म्हणाली, “चल, रंकाळ्यावर जाऊन येऊ.” दाजींना विश्रांती हवी होती. आम्ही दोघेच निघालो. रंकाळ्याच्या काठावरून शालिनी पॅलेसच्या बाजूला चालत गेलो. मावळतीचा उजेड पाण्यावर होता, संध्यामठाचे दगड काळे दिसत होते आणि काठावर निम्मे कोल्हापूर भेळ खात बसले होते. ताई माझ्यापेक्षा वेगाने चालत होती. पूर्वी याच काठावर ती दर शंभर पावलांवर कठड्याला टेकत असे. मी ते बोलून दाखवले. ती खूश होईल असे मला वाटले होते.

बसण्याआधी कठडा पुसायला तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्याबरोबर कागदाचा एक पुडा खाली पडला. भडंग होते. निम्म्याहून अधिक संपलेले.

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या दाजींनी गाडीत घेऊ दिलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर ते सामान बघत होते, तेव्हा घेतलं.”

मी म्हणालो, “अगं, पण असं लपवून का?”

“मग कसं खायचं? सगळेजण माझ्या ताटाकडे बघतात. म्हणून मी ताटाबाहेर खाते.”

इतक्या वर्षांच्या व्यवसायात वजनवाढीचे इतके नेमके निदान मला कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया पंगतीतले खाणे थांबवते. एका बैठकीत चार पुरणपोळ्या आता ताईला शक्यच नाहीत. पण मूठभर भडंग, तासाभराने एक बिस्कीट, मग चहा, मग फरसाणाची चिमूट, हे दिवसभर चालू शकते. छोट्या पिशवीतून ते विनातक्रार उतरते, पोट भरल्याची खूण देत नाही आणि उष्मांक मात्र सगळे जमा होतात. ज्यांचे वजन दोन वर्षांनी पुन्हा चढते, त्यांच्यापैकी अनेकांच्या ताटात दोष नसतो. दोष दोन ताटांच्या मधल्या वेळात असतो. आणि त्या मधल्या वेळात एकटेपणा असतो, चोरी असते, स्वतःचा राग असतो.

“आणि तू,” ती पाण्याकडे पाहतच म्हणाली, “तू दर रविवारी सकाळी दहाला फोन करतोस. ‘किती?’ एवढंच विचारतोस. सुरुवातीला बरं वाटायचं. दर रविवारी आकडा खाली यायचा आणि तू शाबासकी द्यायचास. मग आकडा थांबला. मग चढायला लागला. तेव्हापासून मी तुला खोटा आकडा सांगते. दाजींनाही. काल जे पाच म्हणाले ना ते, ते खरं म्हणजे सात आहेत.”

मला उत्तर सुचले नाही. रंकाळ्याच्या काठावर भेळवाल्याची घंटा वाजत होती. मी पुड्यातले थोडे भडंग हातात घेतले, थोडे तिच्या हातावर ठेवले आणि आम्ही ते खाल्ले. लपवण्यासारखे त्यात काही उरू नये, एवढाच माझा हेतू होता. वैद्यकीय दृष्ट्या तो बरोबर होता की नाही, कोण जाणे.

त्या रात्री ताई स्वयंपाकघरात काकीजवळ बसली. मी दाराशी होतो. तिने काकीला प्रथमच सविस्तर सांगितले: शस्त्रक्रियेनंतर आधी घोट घोट पाणी, मग दोन आठवडे नुसते पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेला वरण-भात, मग मऊ खिचडी, आणि दीड-दोन महिन्यांनी कुठे पहिली पोळी, तीही कुस्करून. काकी लसूण सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे तान्ह्या पोराचं उष्टावणच की गं पुन्हा. हे आधी सांगायचं न्हाईस व्हय? मला वाटलं, डॉक्टरनं उपाशी ठेवलंय.”

रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर. पौषातले दिवस, हवेत गारवा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुऱ्हाळांचा धूर. पुतण्याच्या मित्राच्या गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता, चुलवणात चिपाडे सारली जात होती, गुळव्या मळी काढत होता. तेथे रस न पिता कोणी जात नाही. ताईने पेला घेतला. मी पाहिले आणि काही बोललो नाही. आदल्या दिवशीच्या बोलण्यानंतर पुन्हा पर्यवेक्षक व्हायला मन घेईना. ती माझी चूक होती. पहारा करू नये याचा अर्थ माहितीही देऊ नये असा होत नाही. तिने पेलाभर रस पाच-सहा घोटांत संपवला आणि वर गरम गुळाचा एक खडा खाल्ला.

गाडी वाघबिळाच्या पुढे गेली असेल-नसेल, ताई म्हणाली, “थांबव रे.” चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. दाजी घाबरले, त्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. नाडी जलद होती, पण छातीत दुखत नव्हते, रक्तदाब ठीक होता. मागच्या आसनावर तिला आडवे केले. वीस मिनिटांत ती सावरली. जठराच्या बायपासनंतर गोड द्रव पदार्थ छोट्या पिशवीत न थांबता एकदम आतड्यात उतरतो. आतडे त्याला पातळ करण्यासाठी शरीरातले पाणी ओढून घेते आणि ही सारी लक्षणे उद्भवतात. इंग्रजीत याला डम्पिंग म्हणतात. उसाचा रस, सरबते, काकवी, शीतपेये, बासुंदी यांनी ते विशेष होते. मात्र अशा वेळी आपणच निदान करून मोकळे होऊ नये. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा लक्षणे थांबत नसतील, तर गाडी रुग्णालयाकडेच वळवावी.

हे एवढ्यावर संपत नाही, हेही मला ठाऊक होते. साखर एकदम चढली की शरीर प्रमाणाबाहेर इन्शुलिन सोडते आणि एक ते तीन तासांनी साखर खाली जाते. म्हणून मी तिला एकटे सोडले नाही.

पन्हाळ्यावर आम्ही अंबरखाना पाहायला गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. जाड भिंती, आत गारवा, आणि छतात भोके, ज्यांतून वरून धान्य ओतत असत. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज येथे चार महिन्यांहून अधिक काळ अडकून पडले होते. गड एवढा काळ टिकतो तो कोठारे भरलेली असतात म्हणून. त्या अंधाऱ्या कोठीत उभा असताना मी दाजींना म्हणालो, “दाजी, चरबी म्हणजे हेच. शरीराचा अंबरखाना. दुष्काळ पडला तर उपयोगी पडावी म्हणून साठवलेली. आपण ३८ किलोंचं कोठार रिकामं केलं. शरीराला काय वाटतं? वेढा पडला. मग ते खर्च आवरतं, भूक वाढवतं आणि मिळेल ते पुन्हा साठवू लागतं. शस्त्रक्रियेनं ही ओढ पहिल्या वर्षी दबते, पण पुरती जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात थोडं वजन परत येणं पुष्कळांचं होतं. त्यात ताईचा आळस नाही.”

दाजी बराच वेळ भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, “मी तिला रोज म्हणतो, एवढे लाख घातले ते पाण्यात घालू नकोस.” दाजी बँकेत होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही शस्त्रक्रिया केली होती. ऑपरेशनपूर्वी ताईच्या श्वासावर कान ठेवून ते रात्र रात्र जागत असत. त्यांचा पहारा तिथून सुरू झाला होता, हे मीही विसरलो होतो.

सज्जा कोठीकडे चालत जाताना ताईचे हात थरथरू लागले. रस पिऊन पावणेदोन तास झाले होते. ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत होताच. साखर ६४ निघाली. दोन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, आणि ती वर आल्यावर गडावरच्या एका झुणका-भाकरवालीपाशी बसलो. नुसत्या साखरेवर सोडले तर तोच झोका पुन्हा येतो; त्यामागोमाग प्रथिने असलेले खाणे पोटात जायला हवे. ताईने मडक्यातले दही घेतले, झुणका घेतला आणि अर्धी भाकरी अर्ध्या तासात खाल्ली. त्या बाई म्हणाल्या, “सावकाश खावा, मागनं कोन लागलंय?” त्या दिवसभरातला सर्वांत शहाणा आहारसल्ला तो होता.

तेथे बसल्यावर ताईने चप्पल काढून तळपाय चोळले. मुंग्या येतात, म्हणाली. कधीपासून? दोनेक महिने. गोळ्या? ती दाजींकडे पाहू लागली. चार महिन्यांपूर्वी तिने सगळ्या बंद केल्या होत्या. बरे वाटत होते, मग कशाला. मी दर रविवारी फोन केला होता आणि या चार महिन्यांत एकदाही गोळ्यांविषयी विचारले नव्हते. पुण्यात परतल्यावर तपासण्या केल्या तेव्हा बी-१२ बरेच खाली आलेले निघाले, लोहही कमी. इंजेक्शने सुरू केली आहेत. मुंग्या कमी होत आहेत. बी-१२ ची कमतरता दीर्घकाळ राहिली तर नसांची हानी कायमची होऊ शकते. त्यामुळे अशी शस्त्रक्रिया झालेल्या घरातल्या व्यक्तीला वजन विचारण्यापूर्वी गोळ्या विचाराव्यात, आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासावे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून देऊ नये, हेही येथेच सांगतो. काकांनी आदल्या रात्री मायेने आपली गोळी ताईला देऊ केली होती. जठराच्या बायपासनंतर यांतील बहुसंख्य गोळ्यांनी जोडावर व्रण होऊ शकतो. आणि वरचेवर उलट्या होऊ लागल्या तर ‘पोट बिघडले असेल’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बी-१ हे जीवनसत्त्व थोड्या दिवसांत संपते आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो.

तीन दरवाजापाशी ताई एका दगडावर बसली आणि म्हणाली, “काकांच्या पंच्याहत्तरीला आलो होतो ना आपण, तेव्हा मी गाडीतच बसून होते. तुम्ही सगळे इथं वर आलात. मी ड्रायव्हरबरोबर दोन तास गाडीत.” आज ती अंबरखान्यापासून इथवर चालत आली होती. दहा वाजून गेलेला रविवार होता आणि मी ‘किती?’ विचारले नव्हते. दाजींनी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढले. नंतर घरी त्यांनी तो फोटो फ्रिजवरच्या वजनाच्या तक्त्याच्या जागी लावला, असे ताईने मला सांगितले. तक्ता कोणी काढला हे मी विचारले नाही.

उतरताना मी दोघांना एक गोष्ट सुचवली. साठीनंतर वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुढे पडणे, मोडणे त्यातूनच येते. तेव्हा चालण्याबरोबर रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे करायचे. दाजी म्हणाले, “मीही करतो. माझेही गुडघे वाजतात.” ताईने त्यांच्याकडे पाहिले. दोन वर्षांत प्रथमच तिच्यासाठीचा नियम दुसऱ्या कोणाला लागू झाला होता.

रात्री घरी तांबडा-पांढरा होता. रविवार, पाहुणे, आणि कोल्हापूर. दुसरे काही संभवतच नव्हते. मला पांढऱ्या रश्शाची धास्ती होती. खोबरे, काजू, खसखस, तीळ घातलेला तो रस्सा पाण्यासारखा पिता येतो आणि पिशवीला चकवून जातो. काकीने पाने मांडली. ताईच्या पुढे ताट नव्हते. एक छोटी बशी होती आणि तीत चांदीची काळपटलेली, चिंचेने नुकतीच घासलेली वाटी.

“तुझ्या उष्टावणाची आहे,” काकी म्हणाली. “आईनं तुझ्या केली होती. ट्रंकेत होती. हिच्यात मावंल तेवढंच वाढणार. परत कुणी विचारायचं न्हाई, मीबी न्हाई.”

वाटीत खिमा होता, मऊ शिजवलेला, तिखट बेताचे. मटणाचे चिवट तुकडे अशा रुग्णांना अडकतात; काकीला ते कोणी सांगितले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, “दात नसलेल्याला आणि नुकतं खायला लागलेल्याला काय घालायचं ते मला ठावं असतंय.” ताईने वाटी संपवली, वर पांढऱ्या रश्शाचे दोन चमचे घेतले, पाव भाकरी खाल्ली. अर्धा तास लागला. तोवर काकीही तिच्याबरोबर जेवत बसली होती. एरवी ती सर्वांचे झाल्यावर उभ्या उभ्या जेवते.

सोमवारी सकाळी स्टेशनवर निघताना काकीने डबे बांधले. लाडू नव्हते. कांदा-लसूण चटणी, कढीपत्त्याची चटणी, भाजलेले फुटाणे, आणि ताईच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली वाटी. ताई म्हणाली, “काकी, मी जातो गं.” काकी म्हणाली, “दिवाळीला ये. आणि हे बघ, वाटी घेऊन ये, न्हाईतर मी परातीत वाढीन.”

गाडीत दाजी खिडकीशी बसले आणि लगेच झोपले. हातकणंगले मागे पडले. ताईने पर्समधून भडंगाचा तो पुडा काढला, उघडपणे मूठभर खाल्ले, कागदाची घडी घातली आणि पुडा माझ्या हातात दिला. “हे तू ठेव,” म्हणाली.

मिरज येईपर्यंत मी तो एकट्याने संपवला होता.